दोन लाख किलोमीटर झालेल्या डिझेल डिझायरला कोणतं इंजिन ऑइल घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची डिझेल डिझायर, २०२० मध्ये सेकंडहँड घेतलेली, आता २ लाख १० हजार किलोमीटर झालेत आणि वापर बहुतेक कोल्हापूर शहरातच. ऑइलचं झाकण उघडलं की आतून काळा, मेणचट थर दिसतो. एक मिस्त्री म्हणतो, इंजिन जुनं झालं, आता २०डब्ल्यू-५० घाला. दुसरा म्हणतो, आधी डिझेल घालून फ्लश मारू, म्हणजे इंजिन फिरवून आतून धुऊन काढू. गाडीच्या पुस्तकात मात्र ५डब्ल्यू-३० लिहिलंय. कुणाचं ऐकायचं?

पुस्तकाचं ऐका. आणि डिझेलचा फ्लश कुणालाही मारू देऊ नका.

मी शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगचं काम करतो. आमच्याकडे गाडी येत नाही, नुसता क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) येतो, तोही बिघाड होऊन गेल्यावर. त्याचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, तापून निळे पडलेले असतात, बेअरिंगचा वरचा पांढरा थर उडून खालचं तांबं उघडं पडलेलं असतं. मालकाला विचारलं तर तो बहुतेक वेळा सांगतो, "ऑइल कायम भारीतलंच घातलंय." ते खरंही असतं. मग चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) मागवून बघितला की ऑइल पंपाची जाळी गाळानं अर्धीअधिक बुजलेली सापडते. ऑइल चांगलं होतं, पण आत फार दिवस राहिलं होतं. म्हणून डब्यावरच्या नावापेक्षा ते ऑइल इंजिनात किती दिवस राहिलं, हे मी आधी विचारतो.

आता २०डब्ल्यू-५० का नको ते सांगतो. ऑइलच्या ग्रेडमधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, आणि दुसरा आकडा १०० अंशाला ते किती घट्ट राहतं त्याचा. मिस्त्री म्हणणार, कोल्हापुरात थंडी पडते कुठं? पण ४० अंशालासुद्धा २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून घट्ट असतं, आणि सकाळचं इंजिन त्याहून गार असतं. तुमच्या गाडीत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. त्याच्या टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. व्हॉल्व्हचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे तेही ऑइलवरच. वर टर्बो आहे, त्याची ऑइलची नळी बारीक. या सगळ्या ठिकाणी स्टार्टर मारल्याबरोबर ऑइल पोचायला हवं. घट्ट ऑइल उशिरा पोचतं. शिवाय ऑइल फार घट्ट असलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्यातलं काही ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो, आणि फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला तर न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला जातं. घट्ट ऑइलनं आवाज थोडा दबतो, गेजवर दाबही बरा दिसतो, म्हणून लोकांना ते पटतं. पण बुजत आलेल्या जाळीतून घट्ट ऑइल ओढायला पंपाला जास्तच जड जातं, आणि झीज त्या दबलेल्या आवाजामागं चालूच राहते.

गाडी ऑइल खात असेल, म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मधे लिटरभर वरून घालायला लागत असेल, तर एक पायरी वर ५डब्ल्यू-४० पर्यंत जाता येतं. त्यापुढं नको. डब्याच्या मागं एसीईए ए३/बी४ हा दर्जा लिहिलेला बघा, त्याच्या जोडीला एपीआय सीआय-४ किंवा त्यापुढचा दर्जा असला तर उत्तम. तुमची गाडी बीएस६ या प्रदूषण नियमांच्या आधीची, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, त्यामुळे कमी राखेचं सी३ वगैरे ऑइल शोधत बसायची गरज नाही. बीएस६ डिझेल गाडीवाल्यांनी मात्र ते बघायलाच हवं.

जुन्या गाडीला सिंथेटिक घातलं की गळती सुरू होते, असं अजून ऐकू येतं. खरं तर ऑइल अडवणारा रबरी सील आधीच कडक होऊन तडकलेला असतो आणि गाळानं त्याची फट बुजवलेली असते. नवं ऑइल तो गाळ धुतं आणि गळती उघडी पडते. म्हणजे बदलायचा असतो तो सील. टर्बोच्या इंजिनाला सिंथेटिक जास्त मानवतं, कारण उष्णतेनं ते लवकर खराब होत नाही. 'हाय मायलेज' लिहिलेल्या डब्यात सील थोडे मऊ ठेवणारी द्रव्यं असतात. ग्रेड आणि दर्जा जुळत असेल तर घाला, पण त्यासाठी अडून राहू नका.

गाळ होतो कसा, हे कळलं की तो टाळायचं निम्मं काम होतं. डिझेलच्या इंजिनात काजळी तयार होते आणि ऑइल तिचे कण सुटे सुटे धरून ठेवतं. म्हणून नवं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं, त्यात वाईट काही नाही, ते आपलं काम करतंय. पण धरून ठेवायची ही ताकद मर्यादित असते. ती संपली की कण एकमेकांना चिकटतात आणि जिथं ऑइल हळू वाहतं तिथं बसतात: टॅपेट कव्हरखाली, चेंबरच्या तळाशी, जाळीवर. दुसरा भाग पाण्याचा. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली उतरते. इंजिन पुरतं तापलेलं असेल तर ब्रीदरमधून, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तीही जाते. राजारामपुरीतून महाद्वार रोड, तिथून शाहूपुरी, परत घर, असा दहा-दहा मिनिटांचा वापर असेल तर पाण्याच्या तापमानाचा काटा वर येतो पण ऑइल तापत नाही. वाफ आतच गार होते, आम्लं आणि काजळीशी मिळते आणि गाळ धरतो. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणं, ही त्याचीच दुसरी तऱ्हा. किलोमीटर थोडे, इंजिनाचे तास जास्त.

म्हणून १० हजार किलोमीटरचा आकडा तुमच्यासाठी नाही. छोट्या फेऱ्या, धूळ, सततची गर्दी अशा कडक वापराला मुदत निम्म्यावर आणायची असते. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, आणि दर वेळी फिल्टरसकट. या इंजिनात ऑइल मावतंच तीन लिटरच्या आसपास. अर्धा लिटर कमी झालं तरी सहावा हिस्सा गेला आणि राहिलेल्यावर भार वाढला. आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी खाली जाते त्याची सगळे काळजी करतात, पण न घालता पातळी वर आली तर जास्त घाबरा: इंजेक्टरमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

आठवड्यातून एकदा गाडीला मोकळी धाव द्या. पन्हाळ्यापर्यंत जाऊन या, नाहीतर हायवेनं निपाणीपर्यंत. अर्धा तास सलग चालली की ऑइल खरं तापतं आणि आतलं पाणी उडून जातं. घाट चढून थांबलात की अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मग चावी फिरवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथल्या तिथं करपत नाही.

आता जो थर बसलाय त्याचं काय करायचं? डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवलं की ऑइलचा थर पातळ होतो आणि बेअरिंग तेवढा वेळ कोरडी पडायला लागतात. शिवाय जुना गाळ विरघळत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पंप ते सरळ जाळीकडे ओढतो. बाटलीतल्या फ्लशचंही गाळ जाड असेल तर तेच. कधीतरी तुंबलेली गटार वरून पाणी मारून साफ करायला जावं आणि कचरा पुढच्या वळणावर जाऊन अडकावा, तसं होतं. गाळ हातानं काढा.

आधी खर्चाचं काम नको. मिस्त्रीला ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथं मेकॅनिकल गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला दाब एक बारच्या खाली जात असेल, किंवा रेस दिली तरी नीट वाढत नसेल, तर गाडी तिथंच थांबवून चेंबर उतरवा. दाब बरा असला तरी तुमच्या झाकणाखालचा थर बघता मी चेंबर उतरवाच म्हणेन. चेंबर काढणं, जाळी धुणं, नवं सीलंट लावून बसवणं, हे काम इंजिन बांधण्याच्या खर्चापुढं काहीच नाही. टॅपेट कव्हर उघडून तिथलाही गाळ खरवडून, पुसून घ्या, पण आत पडू देऊ नका. ब्रीदरची नळी आणि तिचा सेपरेटर (वाफेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) साफ करा. तो तुंबला की वाफ बाहेर पडत नाही आणि आतल्या दाबानं सील गळायला लागतात. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा. थोडी फुकफुक चालते, पण झाकण उडेल एवढा जोर असेल, धूर येत असेल, तर रिंगा गेल्यात, मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. मग गाळ कितीही काढला तरी परत धरणार.

साफ केल्यावर चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घाला. पहिलं ऑइल दीड-दोन हजार किलोमीटरला काढा, दुसरं तीन हजारला, मग पाच हजारचा नेम धरा. राहिलेला पातळ थर ऑइलच हळूहळू धुऊन नेतं. पहिल्या दोन बदलांत फार महागडं घेऊ नका, ग्रेड आणि दर्जा बरोबर असला की पुरे. ऑइल पेट्रोल पंपावरून किंवा वितरकाकडून बिलासकट घ्या, डब्याचं सील तपासा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, म्हणजे तो कुणी परत भरून विकणार नाही. काढलेलं ऑइल गटारात ओतू देऊ नका. आपल्या गटारी पंचगंगेलाच मिळतात.

झाकणाखालचा थर काळा नसून दुधी, लोण्यासारखा असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट तपासायला हवं, आधी नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही. तुम्ही गाडी २०२० मध्ये घेतलीत, म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर, म्हणून हेही बघा: सीटच्या रेलवर, कार्पेटखाली गंज किंवा बारीक माती आहे का? पुरात उभी राहिलेली गाडी नुसतं ऑइल बदलून विकली गेली असेल, तर चेंबरच्या तळाशी काजळीबरोबर चिखलाचा बारीक गाळ सापडतो, आणि तो बेअरिंगला पॉलिश पेपरसारखा घासतो.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा अर्ध्या बारच्या आसपास लागतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. घाटात असाल तरी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंग मागवा. 'पुढच्या गावापर्यंत तर जाऊ' म्हणून आणलेल्या गाड्यांचेच क्रँक आमच्या मशीनवर जास्त चढतात.

गेजचं रीडिंग घेतलंत की इथं लिहा. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद पुढून चेनची खळखळ येते का, तेही सांगा. येत असेल तर चेंबर उतरवताना चेन आणि टेन्शनर त्याच वेळी बघून घ्यावे लागतील.