लष्करी अधिकारी परिस्थिती पाहून नेतृत्वाची पद्धत बदलतात का, की हुकूम तो हुकूमच?

आपला मुलगा एनडीएची तयारी करतो आहे आणि पद्धत बदलणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली शिस्त टिकते का, असे आपण विचारले आहे. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पद्धत बदलावीच लागते, आणि जो ती बदलत नाही त्याचे जवान विनाकारण जिवाला मुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची पलटण सियाचीनला गेली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. ९,००० फुटांपासून टप्प्याटप्प्याने वर चढत हवामानाची सवय करून घेण्याचे १४ दिवस सर्वांनी पुरे केले होते. आमची पोस्ट १८,००० फुटांच्या वर होती आणि तिचे प्रमुख एक तरुण कॅप्टन साहेब होते. बेसला रेडिओवरून ‘सर्व ठीक’ कळवण्यापूर्वी ते रोज संध्याकाळी सर्वांना बसवून प्रकृतीची विचारणा करीत. मात्र प्रत्येकाने स्वतःविषयी नव्हे, तर आपल्या बडीविषयी, म्हणजे नेमून दिलेल्या जोडीदाराविषयी सांगायचे, असा त्यांचा नियम होता. आज आपले डोके दुखते आहे, जेवण गेले नाही, हे ते स्वतः सर्वांत आधी सांगत. मला ते अजिबात पटत नव्हते. साहेबांनीच दुखणे बोलून दाखवले तर जवान कसा टिकेल, असे मला वाटे.

एका संध्याकाळी एक शिपाई आपल्या बडीकडे पाहत म्हणाला, “साहेब, हा दोन रात्री बसूनच झोपतोय. आडवा झाला की त्याला दम लागतो.” तो बडी मान खाली घालून गप्प होता. फुप्फुसात पाणी भरू लागल्याची ती खूण होती. त्याला लगेच ऑक्सिजन लावला, हापो बॅगेत, म्हणजे माणूस आत झोपवता येईल अशा हवाबंद पिशवीत ठेवून पायपंपाने आतला दाब वाढवत आम्ही आळीपाळीने रात्र काढली आणि सकाळी ढग फाटल्यावर चीता हेलिकॉप्टरने त्याला खाली नेले. तो वाचला.

तो आधी का बोलला नाही, हे मला ठाऊक होते. सीमेपासून दूर, शांततेच्या ठिकाणच्या छावणीत असताना त्याने लागोपाठ दोनदा सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचे कळवले, म्हणून मीच त्याला भर फॉलिनमध्ये, सगळे रांगेत उभे असताना, बहाणेबाज म्हटले होते. खालच्या छावणीत ज्या धाकाने कंपनी सरळ चालत होती, तोच धाक वर त्याचा जीव घेणार होता. हे मी आजही विसरलेलो नाही.

याचा अर्थ ते कॅप्टन साहेब मऊ होते, असे कोणी समजू नये. बर्फातल्या भेगांवरून जाताना सर्वांनी एका दोराला बांधून चालायचे असते. १५ वर्षे नोकरी झालेल्या एका हवालदाराने पोस्ट जवळ आली म्हणून दोर सोडला, तेव्हा साहेबांनी त्याचे काहीही न ऐकता त्याला त्याच क्षणी पुन्हा बांधायला लावले आणि पुढचा महिनाभर पार्टीच्या पुढे चालू दिले नाही. दोराबाबत चर्चा होणार नाही आणि प्रकृतीबाबत कोणीही गप्प बसणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, म्हणून त्यांच्या वागण्यात कोणाला धरसोड दिसली नाही. आपल्या शिस्तीच्या शंकेला माझे उत्तर एवढेच आहे. प्रत्यक्ष हल्ल्यात तर विचारणेही संपते आणि सांगणेही संपते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर चालून गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

खाली आल्यावर मी माझ्या प्लाटूनमध्ये बडीने बडीविषयी सांगण्याची रीत चालू ठेवली. त्यावरून एका ज्येष्ठ सुभेदार साहेबांशी माझा जो वाद सुरू झाला, तो माजी सैनिकांच्या मेळाव्यात भेटल्यावर अजूनही निघतो. मी जवानांना लाडावले, ग्लेशियरची सवय ग्लेशियरवरच सोडायला हवी होती, असे ते म्हणतात. माझे म्हणणे असे की, ज्या जवानाला खाली दोन वर्षे तोंड बंद ठेवायला शिकवले, तो वर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तोंड उघडत नाही. बोलण्याची सवय खालीच लावावी लागते. त्यांनी या मुद्द्याचे उत्तर आजवर दिलेले नाही.

मात्र त्यांचे एक म्हणणे मला मान्य करावे लागेल. काही जवानांनी माझ्या मोकळेपणाचा गैरफायदा घेतला आणि त्यांच्यामुळे इतरांवर ड्यूटीचा बोजा वाढला. शिवाय नव्या रंगरुटाला सुरुवातीचे काही महिने नुसता हुकूमच कळतो. माझा अनुभव पायदळापुरता आहे, तेव्हा जहाजावर किंवा हवाई तळावर हेच जसेच्या तसे लागू होईल, असे मी म्हणणार नाही.

आपल्या मुलासाठी एक गोष्ट सांगतो. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मैदानी चाचण्यांत एका कामात गटाला नेता नेमून दिलेला नसतो आणि दुसऱ्या कामात उमेदवारालाच कमांडर करून हाताखाली सोबती देतात. पहिल्या कामात त्याने गटातल्या गप्प राहणाऱ्या मुलाला एकदा तरी विचारावे, आणि दुसऱ्यात सोबत्यांना काम नेमके व थोडक्यात सांगावे. क्लासवाले दोन्हीकडे मोठ्याने बोलायला शिकवतात, ते त्याने ऐकू नये.