वडिलांची १९८४ ची येझदी मोटरसायकल बारा वर्षं उभी आहे, इंजिन जाम झालंय. घरी खोलून साफ करता येईल का?

येईल. पण तुम्ही लिहिलंय की 'रोज किक मारून बघतोय, दांडा हलत नाही', ते आधी बंद करा. येझदीला किक आणि गिअर एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, सोडला की गिअर. त्यावर अंगाचं वजन टाकून उभे राहिलात तर पिस्टन सुटायच्या आधी आतले दाते जातील, आणि ते काम पिस्टन सोडवण्यापेक्षा महाग पडतं.

माझ्याकडे मामांची १९८१ ची आहे. कोल्हापुरात नऊ वर्षं गोठ्यात उभी होती, सीटवर कोंबड्या बसायच्या. तिचं इंजिन मी दोनदा खोललं. दुसऱ्यांदा का खोलावं लागलं ते पुढे सांगतो.

येझदीचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो भाग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे गाडी बंद करताना पिस्टन जिथे थांबेल त्याप्रमाणे एखादा पोर्ट (ब्लॉकच्या भिंतीतलं भोक) उघडा राहतो आणि सायलेन्सरमधून पावसाळ्याची ओल थेट ब्लॉकमध्ये शिरते. बीड गंजतं, पिस्टनभोवतीच्या रिंगा त्याला धरून बसतात. बहुतेक वेळा 'जाम' म्हणजे एवढंच असतं. हेडचे (ब्लॉकवरच्या झाकणाचे) नट काढा, हेड उचला, पिस्टनच्या माथ्यावर अर्धं डिझेल अर्धं टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल ओता आणि विसरून जा. जिरलं की पुन्हा ओता. माझा चौथ्या दिवशी सुटला. सोडवताना हातोडी नाही. गाडी टॉप गिअरला टाका, मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे. आधी केसभर हलतं, मग बोटभर, मग अचानक 'फस्स' करून सुटतं.

पिस्टन फिरला की हेड बसवावं, नवा प्लग लावावा, लिटरभर पेट्रोल घालावं असं वाटणार. आणि ती चालूही होईल, कारण या गाड्या हट्टी असतात. पण इथेच बहुतेक लोक इंजिन घालवतात.

टू स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने गोल फिरणाऱ्या दांड्याची, पेटी (क्रँककेस) नुसती पेटी नसते, तो पंप असतो. पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवा तिथे ओढली जाते, खाली आला की तिथून वर ढकलली जाते. हा पंप हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील. बारा वर्षांत त्यांचं रबर कडक होतं, ओठ क्रँकला टेकत नाहीत. डाव्या बाजूला, म्हणजे क्लचकडे, सील गेलं असेल तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळत राहतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल आपोआप कमी होतं. उजवीकडचं, डायनामोकडचं, गेलं असेल तर जास्त वाईट. तिथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि उतारावर नाही तर घाटात मध्येच धरतो, म्हणजे अडकतो. म्हणून इंजिन सुटलेलं असो वा नसो, क्रँककेस एकदा उघडायचीच. सील आणि बेअरिंगं न बदलता इंजिन साफ करणं म्हणजे पडक्या वाड्याला रंग देणं.

आता सफाई. मिस्त्री पहिल्यांदा विचारतील, 'ब्लास्टिंग करून आणू का? नव्यासारखं दिसतंय.' मीही आणलं. ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या जोराने वाळू मारून घासणं. केसिंग (इंजिनाची बाहेरची ॲल्युमिनियमची पेटी) खरंच चांदीसारखी झाली, दोन दिवस मी ती टेबलावर ठेवून बघत होतो. धुतलीही होती, साबणाने, डिझेलने, हवा मारून. साधारण तीनशे किलोमीटरवर खालून कडकड सुरू झाली. खोललं तर कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचे रोलर ओरखडलेले, आणि ब्लॉककडे जाणाऱ्या वाटेच्या एका कोपऱ्यात नखाने खरवडल्यावर दोन-चार कण वाळू निघाली. मिठाच्या चिमटीपेक्षा कमी. त्या दुकानाला मी काय बोलणार? ब्लास्टिंग मीच सांगितलं होतं.

तर ब्लास्टिंग नको. इंजिन उघडण्याआधी, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं चिंध्या कोंबून आणि प्लॅस्टिकने बांधून, बाहेरून डिझेल आणि रंगाच्या जुन्या ब्रशने धुवा. रॉकेल मिळालं तर उत्तम, पण हल्ली मिळतं कुठे. फिनच्या मधली माती बांबूच्या कामटीने काढा. कॉस्टिक सोड्याचा सल्ला कुणी दिला तर तो सायलेन्सरच्या आतल्या लोखंडी जाळीपुरता ऐका, हातमोजे आणि चष्मा घालून. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, फेस येतो आणि केसिंग काळी पडते. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बनसुद्धा कामटीनेच, स्क्रूड्रायव्हरने नाही. आणि केसिंगवर ठोकलेला इंजिन नंबर बफिंगवाल्याच्या हाती लागू देऊ नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तिथे तो नंबर वाचता आला नाही तर आरटीओचे खेटे घालत बसाल.

खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. काही नटांना उलटे आटे असतात. नट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी आटा बघा. केसिंग दोन भागांत उभी उघडते. मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून फाकवायची नाही, एकदा चरा पडला की तिथून कायम गळती. बेअरिंग काढायला आणि बसवायला केसिंग तापवायची. थेंबभर पाणी टाकलं की चुरचुरून उडतं, एवढी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे जुनं बेअरिंग जवळपास आपोआप सुटतं. नवं आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्याकडे ते मटारच्या पिशवीशेजारी होतं आणि आईने ते 'हे काय लोखंड आणलंस' म्हणत बाहेर ओट्यावर काढून ठेवलं. पुन्हा एक रात्र गेली.

क्रँक मात्र घरी उघडू नका. ती दाबून जोडलेली असते, रॉड आणि पिन बदलल्यावर दोन्ही बाजू सरळ रेषेत आणायला प्रेस, डायल आणि मुरलेला हात लागतो. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं बनवणारा भाग, तिथे या कामाची माणसं अजून आहेत. ब्लॉकही तिथेच बोअर करून (आतून किंचित मोठा कापून) घेतला. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळतात, तेव्हा आधी पिस्टन हातात घ्या, मगच ब्लॉक लेथवाल्याला द्या. उलट केलंत तर त्या मापाचा पिस्टन शोधत फिराल.

रिंगा बसवताना एक बघा. टू स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत बारीक खीळ असते, रिंगेची दोन टोकं तिच्या दोन बाजूंना आलीच पाहिजेत. नाहीतर रिंग फिरते, टोक पोर्टमध्ये अडकतं आणि तुटतं. म्हणून जुना पिस्टन काढण्याआधीच त्याच्या माथ्यावर पुढची बाजू कोणती ते मार्करने लिहून ठेवा.

जोडल्यावर चालू करण्याआधी घरच्या रक्तदाबाच्या यंत्राने तपासा. काट्याचं, हाताने फुगवायचं हवं. दोन्ही सायलेन्सरची तोंडं रबर आणि क्लॅम्पने बंद करा, कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच घालून त्यातून नळी आत सोडा आणि काटा २५० पर्यंत न्या. हा दाब साधारण पाच पीएसआय होतो. पाच मिनिटं बघा. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. माझा उतरत होता; ब्लॉकखालचं पॅकिंग वाकडं बसलं होतं. चालू करून बघितलं असतं तर दोष कार्बोरेटरला दिला असता.

पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन टोक) घासून त्यांच्यातली गॅप ०.४ मिमीच्या आसपास ठेवा, कंडेन्सर नवा टाका, कार्बोरेटरची जेट (पेट्रोलची बारीक भोकं) तारेने टोचू नका, फुंकून साफ करा. टाकीतला गंज लिंबूसत्वाच्या पाण्याने जातो, नंतर खायच्या सोड्याने धुऊन लगेच वाळवा. पेट्रोलमध्ये मी पहिले पाचशे किलोमीटर लिटरला ४० मिली टूटी टाकलं, आता ३० टाकतो. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

सुटे भाग मिळतात, पुण्यात नाना पेठेत विचारा. २०२२ पासून येझदी नावाने पुन्हा विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या शोरूमला जाऊ नका, ती फोर स्ट्रोक इंजिनं आहेत; मैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेल्या गाड्यांशी त्यांचं फक्त नाव जुळतं. खर्च विचारलात: माझा २०१९ साली इंजिनापुरता एकवीस हजार झाला, त्यातले सहा वाळूचे.

तुमची नेमकी कुठली आहे ते लिहिलं नाहीत, क्लासिक की रोडकिंग? हेड काढल्यावर ब्लॉकच्या आतून टॉर्च मारून एक फोटो टाका. नुसता तांबूस थर असेल तर पिस्टन सुटेल आणि बोअरही वाचेल कदाचित. नख अडकेल असे खड्डे दिसले तर डिझेल ओतायच्या आधीच लेथवाल्याला फोन करा.