पहिला परिच्छेद सुचत नसेल, तर विहिरीपासून सुरुवात करा

प्रश्न : मी भूगोल विषयात पीएचडी करते आणि सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. माण तालुक्यातील चाळीस विहिरींची पाणीपातळी मी सलग दोन वर्षे, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजली आहे. त्यांपैकी निम्म्या गावांत पाणलोटाची कामे झाली आहेत. गाइड पेपर लिहायला सांगतात, पण चार महिने मी प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदातच अडकले आहे. रोज नवे काही वाचते आणि कालचे लिहिलेले खोडते. पैसे भरल्यास आठ दिवसांत पेपर छापून देऊ, असे संदेशही येतात. संशोधन माझ्या आवाक्याबाहेरचे आहे का?

उत्तर : भर मे महिन्यात चाळीस विहिरींच्या कठड्यांवर उभे राहून जिने मोजपट्टी सोडली, तिने हा प्रश्न स्वतःला विचारू नये. तुमची अडचण कुवतीची नसून क्रमाची आहे. शोधनिबंध ज्या क्रमाने वाचला जातो त्याच क्रमाने तो लिहायचा असतो, असे गृहीत धरून तुम्ही सर्वांत अवघड भागापासून सुरुवात केली. आपला निष्कर्ष नेमका काय आहे हे कळल्याशिवाय प्रस्तावना लिहिता येत नाही, आणि तो निष्कर्ष मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रस्तावनेची फाईल सध्या बंद ठेवा.

पहिल्या आठवड्यात फक्त एक आलेख काढा. उभ्या अक्षावर जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मीटरमध्ये घ्या आणि शून्य वरच्या टोकाला ठेवा, म्हणजे पाणी खाली गेले की ते आलेखातही खाली गेलेले दिसेल. पाणलोटाची कामे झालेली गावे एका रंगात आणि न झालेली दुसऱ्या रंगात दाखवा. मग तो आलेख समोर ठेवून त्यातून काय दिसते ते एका वाक्यात, आणि तेही मराठीत, लिहा. ‘पाणीपातळीत लक्षणीय बदल आढळला’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते कोणत्याही तालुक्याला लागू पडते. शिवाय इंग्रजीतील ‘सिग्निफिकंट’ या शब्दाला संख्याशास्त्रात ठरलेला अर्थ आहे आणि चाचणी केल्याशिवाय तो वापरता येत नाही. कोणत्या गावांत, कोणत्या महिन्यात, किती मीटरचा फरक पडला, हे त्या वाक्यात आले पाहिजे. पेपर शेवटी इंग्रजीत जाणार असला तरी हे वाक्य मराठीतच पक्के करा, असा माझा आग्रह आहे. परक्या भाषेतील तयार शब्दांच्या आड विचाराची पोकळी सहज लपते, आपल्या भाषेत ती लगेच उघडी पडते.

त्यानंतर कार्यपद्धतीचा भाग घ्या. तो सर्वांत सोपा आहे, कारण तुम्ही जे केले तेच सांगायचे असते. पण समीक्षक, म्हणजे छापण्यापूर्वी लेख तपासणारे तज्ज्ञ, सर्वांत आधी तिथेच बोट ठेवतात. मोजण्यापूर्वी विहिरीवरचा पंप किती तास बंद होता? खोली कठड्यापासून मोजली की जमिनीपासून, आणि कठड्याची उंची वजा केली का? दोन्ही वर्षांचा पाऊस सारखा नसेल, तर फरक पाणलोटाच्या कामांमुळे पडला हे कशावरून? तुमच्या क्षेत्रवहीत या प्रश्नांची उत्तरे असतील, ती आताच मसुद्यात उतरवा. ज्याचे उत्तर नसेल ती मर्यादा म्हणून स्वतःहून नोंदवा. त्यानंतर निरीक्षणे, मग चर्चा, मग प्रस्तावना आणि अगदी शेवटी सारांश व शीर्षक, असा क्रम ठेवा.

आता वेळेविषयी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला दिवसभराची सलग मोकळीक मिळत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदम लिहून काढू हा बेत सहसा तडीस जात नाही. महाविद्यालयात जाण्यापूर्वीचा एक तास राखून ठेवा आणि त्या तासात वाचन करू नका. वाचन हे काम असल्यामुळेच ते लिखाण टाळण्याचे सर्वांत सन्माननीय निमित्त ठरते. ते संध्याकाळी करा, वाचलेल्या प्रत्येक लेखाविषयी तीन ओळी स्वतःच्या शब्दांत टिपा आणि संदर्भ त्याच क्षणी झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. ते मोफत आहे. सकाळच्या तासात एक परिच्छेद झाला तरी पुरे. कालचे खोडायचे नाही, दुरुस्ती शनिवारी करायची. आणि उठण्यापूर्वी उद्या कोणते वाक्य लिहायचे ते फाईलच्या तळाशी लिहून ठेवायचे. गाइडना पूर्ण पेपरची वाट पाहायला लावू नका, एकेक भाग दाखवत जा.

आठ दिवसांत छापून देणाऱ्यांना कृपा करून उत्तरही देऊ नका. दोन तज्ज्ञांनी लेख वाचून मत द्यायचे, तर महिने लागतात. आठ दिवसांचे आश्वासन म्हणजे तो कोणीही वाचणार नाही याची कबुली आहे. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र पाहून घ्या. आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद केल्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे. तुम्ही स्वतः ज्यांतील लेख वाचता आणि संदर्भ म्हणून घेता, त्यांतूनच एक निवडा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा.

लेख परत येईल, यासाठी मनाची तयारी ठेवा. माझा पहिला लेख तीन पानांच्या आक्षेपांसह आला, तेव्हा मी तो दोन महिने उघडला नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. कारण ‘मोठ्या सुधारणा करा’ याचा अर्थ संपादकांनी दार उघडे ठेवले आहे, एवढाच होता. आक्षेप आले की तीन रकान्यांचा तक्ता करा : समीक्षकाचे म्हणणे, तुमचे उत्तर, बदल केलेल्या पानाचा व ओळीचा क्रमांक. एखादा आक्षेप पटला नाही तर तसे कारणासह नम्रपणे लिहिता येते.

तूर्त आलेख काढा आणि ते एक मराठी वाक्य मला पाठवा. त्यात मीटरचा आकडा असू द्या.