केबीसी इतकी वर्षं लोक का बघतात? उत्तरं तर आता फोनवरही मिळतात

तुम्ही विचारलंय की 'कौन बनेगा करोडपती' २००० सालापासून चालू आहे, त्यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आता फोनवर क्षणात सापडतं, मग नेमानं बघणारे त्यात बघतात तरी काय. मी पहिल्या मोसमापासूनचा प्रेक्षक आहे, म्हणून लिहितो.

उत्तरं कळावीत म्हणून आम्ही बसतच नाही. निदान दहाव्या प्रश्नानंतर तरी नाही. आम्ही बघतो ते हॉट सीटवरचा माणूस खेळतो की सोडतो हे.

त्यासाठी पैशांची चढण नीट बघायला हवी. मधल्या बऱ्याच मोसमांत पाचव्या प्रश्नाला १०,००० चा पहिला पडाव (म्हणजे पुढे चुकलं तरी तेवढी रक्कम पक्की) होता आणि दहाव्याला ३,२०,००० चा दुसरा. पुढे ६,४०,०००, साडेबारा लाख, २५ लाख, ५० लाख, १ कोटी आणि शेवटी ७ कोटी. दहावा प्रश्न ओलांडला की घड्याळ बंद. हवा तेवढा वेळ घ्या. पण चुकलात तर थेट ३,२०,००० वर. सोडलंत तर जिंकलंय तेवढं घेऊन घरी जायचं.

आता ५० लाखांवर बसलेल्या माणसाचा विचार करा. बरोबर आलं तर आणखी ५० लाख, चुकलं तर जवळपास ४७ लाख गेले. म्हणजे निम्मीअधिक खात्री असेल तरच खेळावं. इथपर्यंत आपली अक्कल आणि गणित हातात हात घालून चालतात. पण १ कोटी जिंकून ७ कोटींचा प्रश्न समोर आला की दोघांची वाट वेगळी होते. चुकलं तर जातात सुमारे ९७ लाख, बरोबर आलं तर वाढतात ६ कोटी. नुसता हिशेब केला तर सातात एकदा बरोबर येण्याची शक्यता असली तरी खेळणं परवडतं. आणि डोळे मिटून कुठल्याही पर्यायावर बोट ठेवलं तरी ती शक्यता चारात एक असते! तरीही बहुतेक जण हात जोडतात आणि सोडतात.

ते चुकतात असं मला अजिबात वाटत नाही. पहिल्या कोटीत कर्ज फिटतं, घर होतं, मुलांची शिक्षणं होतात. पुढचे सहा कोटी छान असतील, पण ते गरजेचे नसतात. शिवाय बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, त्यामुळे कोटी म्हटला तरी हातात ६५ लाखांच्या आसपासच पडतात. त्यातून पुन्हा ३,२०,००० वर यायची तयारी कोण करेल? २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे १ कोटी जिंकल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, मानधन महिना १,५०० रुपये. ७ कोटींसाठी त्यांना विचारलं होतं की सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले असं राज्य कोणतं. (उत्तर बिहार. झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद.) त्यांनी खेळ सोडला. महिना १,५०० वर घर चालवलेल्या बाईला 'गणितानं खेळायला हवं होतं' असं सोफ्यावर बसून कुणी सांगू नये.

२०२२ मध्ये मात्र कोटीच्या आधी ७५ लाखांचा तिसरा पडाव आला आणि शेवटचं बक्षीस साडेसात कोटी झालं. म्हणजे तेव्हा कोटी जिंकून चुकलं तरी जायचे फक्त २५ लाख. त्या मोसमात कोल्हापूरच्या कविता चावला १ कोटी घेऊन थांबल्या. दिल्लीचा एक तरुण खेळला, चुकला आणि ७५ लाखांवर आला. आमच्या घरात यावर दोन तट पडले होते. मी त्या तरुणाच्या बाजूनं होतो, आजही आहे.

खरा चाहता स्क्रीनवरच्या पर्यायांपेक्षा माणसाच्या तोंडाकडे बघतो. ज्याला येतंय तो पर्याय एकेक करून बाद करतो: हा नाही, कारण साल जुळत नाही, हा नाही, कारण हे गृहस्थ त्या पदावर नव्हतेच. ज्याला येत नाही तो एकच पर्याय पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणतो, पाण्याचा घोट घेतो आणि मागे बसलेल्या सोबत्याकडे बघतो. असं वळून बघितलं की आमच्याकडे सगळे एका सुरात ओरडतात, 'सोड, सोड!' आणि सोडल्यावर बच्चन विचारतात की खेळला असतात तर काय म्हणाला असतात. तेवढ्यासाठी मी एपिसोड संपेपर्यंत जागा राहतो. तोंडून बरोबर उत्तर निघालं आणि ते बरोबर आहे हे कळलं की त्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

याच्या उलटही एक उदाहरण आहे, आणि ते मी कायम सांगतो. पहिले करोडपती हर्षवर्धन नवाथे, मुंबईचे, तेव्हा नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते. शेवटचा प्रश्न होता की राज्यघटनेनुसार संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा यांपैकी कुणाला आहे. उत्तर ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. अनुच्छेद ८८ प्रमाणे ते दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. त्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुच्छेद वाचावाच लागतो. म्हणजे नशीब प्रश्न समोर आणतं, हे खरं, पण तो ओळखायला आधी कधीतरी ती पानं उलटलेली असावी लागतात. २०११ मध्ये मोतिहारीचे सुशील कुमार ५ कोटी जिंकले, तेव्हा प्रश्न होता की १८६८ मध्ये निकोबार बेटं इंग्रजांना विकून कुठल्या सत्तेनं भारतातून काढता पाय घेतला. डेन्मार्क. आपल्याकडे डेन्मार्कच्या वसाहती होत्या हे कित्येकांना त्या रात्री कळलं. आम्ही दुसऱ्या दिवशी तमिळनाडूतल्या त्रांकेबारचा डॅनिश किल्ला शोधून वाचत बसलो होतो. तेव्हा, उत्तर फोनवर मिळतं हे तुमचं म्हणणं मान्य, पण फोनला हा प्रश्न विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं असतं?

लाइफलाइनबद्दल, म्हणजे अडल्यावर घेता येणाऱ्या मदतीबद्दल, थोडक्यात. सोप्या प्रश्नांना 'ऑडियन्स पोल' (स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा कौल) भरवशाचा, वरच्या प्रश्नांना फसवा, कारण तिथे प्रेक्षकही अंदाजच मारतात. २०२० मध्ये करोनामुळे स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, पोल गेला आणि त्याच्या जागी मित्राला व्हिडिओ कॉल आला. तो मोसम मला सुना वाटला.

आणि तक्रारही आहे. स्पर्धकाची हलाखी दाखवणाऱ्या फिल्म लांबत गेल्यात, पाहुण्या कलाकारांच्या भागांत तर खेळ नावालाच असतो. ते भाग मी बघत नाही, तुम्हीही नका बघू. अपवाद समाजकार्य करणाऱ्यांना बोलावणाऱ्या 'कर्मवीर' भागांचा. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, सिंधुताई सपकाळ अशी माणसं तिथे येऊन गेली, त्यांना ऐकायचं असतं.

तुम्हाला बघायचंच असेल तर सामान्य स्पर्धकाचा एक भाग निवडा आणि अकराव्या प्रश्नापासून फोन बाजूला ठेवा. पर्याय आले की स्पर्धकानं तोंड उघडायच्या आत 'खेळणार' की 'सोडणार' ते मोठ्यानं सांगा. घरात दोघंतिघं असाल तर आणखी चांगलं, वाद होतील. भागाची वेळ संपल्याचा हूटर वाजून स्पर्धक अर्ध्यात अडकला आणि पुढचा भाग उद्या असं झालं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आपसूक टीव्ही लावाल.