लग्न खुल्या प्रवर्गात झालंय, नवऱ्याचा पगार जास्त आहे, तरी भरतीत ओबीसी आरक्षण मिळेल का?

ताई, तुमचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, जात माळी, वडील शेतकरी. लग्न खुल्या प्रवर्गात, नवऱ्याचा पगार वर्षाला 14 लाख, आता राहता पुण्यात. राज्यसेवेच्या अर्जात ओबीसी लिहावं की खुला, आणि नॉन क्रीमीलेयरचा दाखला (म्हणजे घर ओबीसीतल्या सधन थरात मोडत नाही याचा) निकाल लागल्यावर काढला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर, ओबीसी लिहा. दुसऱ्याचं, अजिबात चालणार नाही. या आठवड्यातच कामाला लागा.

मी स्वतः ओबीसीतून लागले, अर्ज भरला तेव्हा लग्न झालेलं होतं, त्यामुळे हे सगळे हेलपाटे मी घातलेत.

जात जन्माने मिळते, लग्नाने ना मिळते ना जाते. सवर्ण घरात जन्मलेली मुलगी मागास घरात लग्न करून गेली म्हणून तिला आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितलंय. तुमचं उलट आहे. ज्या घरात वाढलात तिथलं मागासपण लग्नाच्या अक्षतांनी पुसलं जात नाही.

नॉन क्रीमीलेयरलाही आई-वडिलांची परिस्थिती बघतात, नवऱ्याची नाही. सेतू केंद्रातल्या मुलाने माझ्याकडे नवऱ्याचा फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा कागद, मागितला होता. मी तो दिला नाही, वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले पुढे ठेवले. मर्यादा वर्षाला 8 लाखांची आहे, आणि सलग तीन वर्षं ती ओलांडली तरच माणूस क्रीमीलेयरमध्ये जातो. त्यातही पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न या हिशोबात धरत नाहीत. मात्र आई किंवा वडील थेट वर्ग एकच्या पदावर लागलेले असतील तर उत्पन्न न बघताच मुलं आरक्षणातून बाहेर पडतात. तुमच्या घरी तसं दिसत नाही.

आता तारखेचं, कारण मुली खऱ्या अडकतात त्या इथे. आरक्षणाची पात्रता बघतात ती अर्ज करायच्या शेवटच्या दिवशी. परीक्षेच्या नाही, मुलाखतीच्या नाही. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण एका सरळसेवा भरतीत निवड यादीपर्यंत पोचली. तिचा आधीचा नॉन क्रीमीलेयर दाखला 31 मार्चला संपला होता, जाहिरातीची मुदत एप्रिलमध्ये होती, नवा दाखला तहसीलमधून हाती आला तो मुदतीनंतर तीन दिवसांनी. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर त्या माणसाने पेन्सिलीने तारखेखाली रेघ मारली आणि फाईल मिटून बाजूला सारली. घरची गरिबी तीच, जात तीच, तीन दिवस उशीर. मी तिच्यासोबत गेले होते. ती रेघ मला अजून दिसते.

व्हॉट्सअॅपवर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा एक निकाल फिरतो, दाखला उशिरा दिला तरी चालतो म्हणून. ते प्रकरण दिल्लीतल्या भरतीचं होतं, आणि तिथे मूळ जाहिरातीत तशी अटच नव्हती, ती नंतर घातली गेली. आपल्याकडच्या जाहिरातीत तारीख स्पष्ट लिहिलेली असते. त्या निकालाच्या भरवशावर राहू नका.

जातीचा दाखला पुण्यातून काढू नका, तो माहेरच्या प्रांत कार्यालयातून निघतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा दाखलखारीज रजिस्टरचा (शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा) उतारा. आमच्या गावच्या मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून ते रजिस्टर काढलं तेव्हा पानांच्या कडा हातात तुटत होत्या. आजोबांचं नाव, पुढे जात, धंदा शेती, आणि नाव काढल्याचं कारण एका शब्दात, ‘गुरे’. दुसरीतून त्यांना गुरांमागे पाठवलं होतं. त्याच ओळीच्या जोरावर मला नोकरी लागली.

निवड झाल्यावर जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, लागतंच, त्यासाठी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात जावं लागेल. जात सिद्ध करायची जबाबदारी 2000 च्या कायद्याने आपल्यावरच टाकलीय, आणि दावा खोटा ठरला तर कितीही वर्षं नोकरी झाली असली तरी ती जाते, हे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. म्हणून मूळ उतारे आत्ताच गोळा करा. तुमच्या दाखल्यांवर माहेरचं आडनाव असणार, तेव्हा विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्रही जोडून ठेवा.

ओबीसी लिहिलं तर खुल्यातून संधी जाईल, ही तुमच्या सासरच्यांची भीती मनातून काढा. कुठलीही सवलत न घेता खुल्याच्या गुणांत बसलात, तर तुम्ही खुल्यातच मोजल्या जाता आणि ओबीसीची जागा दुसऱ्या कुणाला मिळते. उलट अर्जात खुला टाकलंत तर मागाहून ओबीसी करून मागता येत नाही.

केंद्राच्या परीक्षाही देणार असाल तर त्यांचा ओबीसीचा नमुना वेगळा असतो, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. वडिलांना आजच फोन करून आजोबा कुठल्या शाळेत होते ते विचारा. मे महिन्यात शाळा बंद असतात, मुख्याध्यापक भेटत नाहीत.