ठेव मोडण्याआधी तारा बदला

दाभोळच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. बत्तीस फुटी शिडाची बोट घेऊन ते आणि त्यांच्या पत्नी नोव्हेंबरच्या मध्यावर कोचीला निघणार आहेत, जमलं तर पुढे लक्षद्वीप. शेवटच्या तयारीचा हिशेब साडेदहा लाखांवर गेलाय: डोलकाठीच्या तारा २ लाख ८० हजार, लाइफराफ्ट, म्हणजे बोट बुडालीच तर चढायचा फुगणारा तराफा, १ लाख ६० हजार, नवं शीड १ लाख ९० हजार आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र ४ लाख २० हजार. बँकेत ६ लाखांची मुदत ठेव आहे. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत, खातं यंदाच्या १२ जानेवारीचं. ही पोस्टातली ठेव मोडू का, असं ते विचारतात.

सर, आत्ता मोडू नका. वर्ष पूर्ण होण्याआधी खातं बंद केलं तर व्याज मिळतच नाही, आणि हाती आलेलं व्याज पोस्ट मुद्दलातून कापून घेतं. ८.२ टक्क्यांनी सप्टेंबरअखेरपर्यंत तुम्हाला सुमारे ८८ हजार मिळालेत, ते सगळे जातील. १२ जानेवारीनंतर मोडलंत तर मुद्दलाच्या दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील. शिवाय या योजनेत थोडी रक्कम काढता येत नाही, पूर्ण खातंच बंद करावं लागतं.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. तार खाली जिथे जोडणीत शिरते तिथे चहाच्या डागासारखा गंज उतरलाय आणि एकोणीस पदरांतला एक पदर तुटून बाहेर आलाय. बोट अठरा वर्षांची, तारा मूळच्याच. पोलाद आत कुठे चिरलंय ते वरून दिसत नाही, आणि एक तार सुटली की डोलकाठी आडवी. इथे काटकसर करू नका. तारा आणि लाइफराफ्टचे ४ लाख ४० हजार बँकेच्या ठेवीतून काढा. विमा कंपनीही तारांचं वय विचारते, त्यामुळे पावती जपून ठेवा.

पाण्याचं यंत्र मात्र यादीतून काढाच. मालवण, गोवा, कारवार, मंगळूर असे थांबत जाणाऱ्या दोन माणसांना टाकी आणि चार कॅन पुरतात. नव्या शिडाऐवजी यंदा जुनंच शिवून घ्या.

आता मुख्य गोष्ट. निघणं जानेवारीच्या मध्यावर न्या. बँकेत १ लाख ६० हजारच उरतील, आणि पोस्टातलं खातं वर्षाचं झालं की अडीअडचणीला तोच आधार. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने. २००९ चं फयान नोव्हेंबरातच आलं होतं, ते कोकणात कुणाला सांगायला नको. जानेवारीत पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, दुपारी वायव्येचा वारा, दक्षिणेला जायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला तर पेन्शन अडकेल, नेमकी तुम्ही समुद्रावर असताना.

तुमच्या कागदावर जाण्याचा खर्च आहे, परतीचा नाही, आणि मला सगळ्यात काळजी परतीचीच वाटते. येताना तोच वायव्येचा वारा तोंडावर, म्हणजे बराचसा प्रवास डिझेलवर. जूनच्या आत बोट दाभोळच्या खाडीत यायला हवी किंवा कोचीत काठावर काढून ठेवायला हवी. दोन्हीचे दर आत्ताच विचारा, डिझेलचा अंदाज त्यात धरा आणि मगच लक्षद्वीपचा निर्णय घ्या. तिथे परवानाही लागतो. परदेशातून सॅटेलाइट फोन मागवायचा विचार असेल तर सोडा, परवानगीशिवाय तो आपल्याकडे बाळगता येत नाही.

तुम्ही दोघंही बोटीवर असणार, म्हणून मेडिक्लेमचा हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा. पोस्टातलं खातं बंद करायला तुमची सही लागते. त्यामुळे अडचण आली तर दाभोळला कोण किती दिवसांत परतेल, हे निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा आणि मुलीलाही सांगून ठेवा.