निळा मग आणि रुमालात गुंडाळलेला पेला

पत्र (संक्षिप्त) :

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीला राहतो. नौपाड्यातील सासरची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे सासू-सासरे गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहायला आले आहेत. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून मी एक जाड, निळा सिरॅमिकचा मग घेतला होता. सकाळी सहाला, मुलगी उठण्याआधी, गॅलरीत बसून मी त्यातून चहा घेते आणि पावणेसातला स्टेशनसाठी बाहेर पडते. बाबा पूर्वी नाजूक कपबशीतून, बशीत ओतून चहा घेत असत. हिवाळ्यापासून ते साडेपाचला उठून माझा मग घेऊ लागले. मी आईंजवळ विषय काढला, तर त्या म्हणाल्या, ‘आमच्या घरात माझं-तुझं कधी नव्हतं.’ नवरा म्हणतो, ‘तीनशे रुपयांचा मग, दुसरा मागव.’ मागच्या आठवड्यात मगाच्या काठाचा टवका उडालेला दिसला. कोणीच काही बोलले नाही. फुटके भांडे घरात ठेवू नये, असे आई म्हणतात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबा आता स्टीलच्या पेल्याला रुमाल गुंडाळून चहा घेतात आणि माझ्याशी फारसे बोलत नाहीत. मी इतकी कोत्या मनाची आहे का? आणि त्या मगाचे काय करू?

– एक वाचक, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला अधिक छळत असावा. तुम्ही कोत्या मनाच्या मुळीच नाही. पाच माणसांच्या फ्लॅटमध्ये कपाट, आरसा, फ्रिज आणि गॅलरीतील वाळणाची दोरीसुद्धा वाटून घ्यावी लागते आणि तुम्ही ते सगळे विनातक्रार वाटून घेतलेले दिसते, कारण चार पानांच्या पत्रात त्यांपैकी कशाबद्दलही एक शब्द नाही. तुमच्यासाठी म्हणून उरलेली जागा सकाळी सहा ते सव्वासहाची होती आणि तो निळा मग ही तिची खूण होती. मग ओट्यावर नसला की ती पंधरा मिनिटेही हातची गेली असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

तुमचे यजमान ‘दुसरा मागव’ म्हणाले, ते दुखावण्याच्या हेतूने म्हणाले असतील असे मला वाटत नाही. परंतु त्यांचा हिशेब चुकला आहे आणि तो कसा चुकतो, हे चक्क मग वापरूनच तपासले गेलेले आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तीन अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील एक प्रयोग आहे. वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना दुकानात सहा डॉलरला मिळणारा एकेक मग देण्यात आला आणि मग किती किंमत आल्यास तो विकाल, असे त्यांना विचारले गेले. ज्यांना मग मिळाला नव्हता, त्यांना तो कितीला घ्याल, असे विचारले. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास निघाली. त्या मुलांच्या हातात मग येऊन काही मिनिटेच झाली होती, तुमच्या हातात तो अकरा वर्षे आहे. तीनशे रुपयांत मिळतो तो दुकानातला मग. तुमच्या मगाला दुकानात किंमतच नाही. मात्र हा प्रयोग यजमानांना वाद जिंकण्यासाठी वाचून दाखवू नका. त्यांना एक वेगळे काम द्यायचे आहे, ते पुढे सांगते.

आईंच्या ‘माझं-तुझं कधी नव्हतं’ या वाक्याचा तुम्हाला राग आला असेल, तर एकदा त्यांच्याबरोबर बसून नौपाड्याहून आलेली भांड्यांची खोकी उघडा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेण्याची पद्धत किती पक्की होती, हे त्यांना स्वतःलाच आठवेल. लग्नातला तांब्या, बारशाची वाटी, मुंजीतले ताट-फुलपात्र, कोणी कोणाला कधी दिले, हे सगळे दुकानदाराकडून ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून घेतलेले असे आणि एखादी वाटी शेजारी गेली तर नाव वाचून परत येत असे. जेवायला बसताना आजोबांचे फुलपात्र कोणते, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असे. म्हणजे माझे-तुझे होतेच. फक्त ते तोंडाने मागावे लागत नव्हते, कारण भांड्यावरच लिहिलेले होते. आईंना हे खोडून काढण्याच्या सुरात सांगू नका. ‘यात तुमच्या नावाचे कोणते आहे, ते वर काढू या,’ इतके म्हणा. कारण ज्या घरात त्यांच्या प्रत्येक भांड्याची फळी ठरलेली होती, ते घर आता नाही आणि त्यांच्या नावाची भांडी वर्षभर तुमच्या माळ्यावर सुतळीने बांधलेल्या खोक्यांत पडून आहेत. परक्या मांडणीत वावरणारे माणूस ‘सगळे सगळ्यांचे’ असा आग्रह धरते, तेव्हा त्यात आपल्यालाही इथे हात लावायची मुभा असावी, अशी एक विनंती असते.

आता बाबांविषयी. माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे आणि तो तुम्ही ओझरता लिहून पुढे गेला आहात.

त्यांनी गेल्या काही महिन्यांत तीन भांडी बदलली, ती नीट एकापुढे एक ठेवून पाहा. कपबशीतील कपाचा कान इतका लहान असतो, की त्यात एक बोट जेमतेम शिरते आणि कपाचा सगळा भार अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीवर येतो. बशीतून पिण्याला त्याहून अधिक कसब लागते: पाच बोटांच्या टोकांवर बशी तोलून, थेंब न सांडता ओठांपर्यंत न्यायची. ज्या माणसाने उभा जन्म तसा चहा घेतला, तो ऐन थंडीत ती सवय सोडून मोठ्या कानाचा मग शोधतो, ज्यात तीन-चार बोटे एकदम अडकतात आणि दुसरा तळवा खालून लावता येतो. तो मग हातून गेल्यावर तो तुमच्या घरातील इतर लहान कानाच्या कपांकडे वळत नाही, बिनकानाचा पेला दोन्ही हातांनी धरतो आणि स्टील चटकन तापते म्हणून त्याला रुमाल गुंडाळतो. मला यात अपमान दिसत नाही, अतिक्रमणही दिसत नाही. मला दुखरी किंवा थरथरणारी बोटे दिसतात आणि ती कोणाला सांगायची नाहीत, असे ठरवून बसलेला एक मानी माणूस दिसतो.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. परंतु शर्टाची बटणे लावायला त्यांना वेळ लागतो का, बाटलीचे झाकण कोणाकडून उघडून घेतात का, सही बदलली आहे का, हे आठवडाभर न बोलता पाहा आणि यांपैकी काही आढळले तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना हात दाखवा. सांधे आखडणे आणि हात कापणे यांची कारणे वेगळी असतात, उपचारही वेगळे असतात आणि ‘वय झाले’ म्हणून ते टाळणे योग्य नाही.

टवका कोणाकडून उडाला, हे विचारू नका. मगाच्या जागी रुमाल गुंडाळलेला पेला आला आणि बोलणे कमी झाले, त्यातच ते उत्तर आलेले आहे.

भांड्यांच्या बाबतीत मी इतकी हळवी का आहे, याला एक कारण आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, आवराआवर करताना, मी सासूबाईंचा एक कप त्यांना न विचारता टाकून दिला. कान तुटलेला होता आणि आत एक बारीक तडा चहाने तपकिरी होऊन कपाभोवती अर्धा फिरलेला होता. पाहुण्यांसमोर दिसायला नको, एवढाच विचार मी केला. त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र घेईनाशा झाल्या आणि विचारल्यावर पित्त होते म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी कळले, की त्यांना मधुमेह होता आणि त्या तपकिरी रेषेपर्यंत चहा घेतला की बेताने होतो, हे त्यांनी स्वतःसाठी बसवलेले माप होते. दुसऱ्या कोणत्याही कपात त्यांना स्वतःचा अंदाज येत नव्हता. त्या गेल्याला बरीच वर्षे झाली, तरी तो तडा कपाच्या कोणत्या बाजूला होता, हे मी आजही सांगू शकते. तुमच्या पत्रातील मग, कपबशी आणि पेला मी दोनदा वाचले, ते त्यामुळे.

मगाचे काय करावे, हा तुमचा दुसरा प्रश्न. टवका काठावर असेल तर त्यातून पुन्हा चहा घेऊ नका. काठ ओठाला लागतो, ही एक गोष्ट. शिवाय तिथली झिलई निघून आतील कोरी माती उघडी पडलेली असते, त्यात डाग आणि मळ बसतो आणि तो घासून पुरता निघत नाही. घरगुती डिंकाने तुकडा चिकटवून तो वापरायचाही विचार करू नका, कारण ते चिकटद्रव्य उकळत्या चहाशी संबंध येण्यासाठी बनवलेले नसते. आईंच्या श्रद्धेशीही भांडण नको. मग स्वयंपाकघरातून काढा, तुमच्या टेबलावर पेने ठेवायला घ्या, म्हणजे फुटके भांडे चुलीजवळ राहिले नाही आणि तुमची वस्तूही तुमच्यापाशी राहिली.

नवा मग ऑनलाइन मागवू नका. येत्या शनिवारी बाबांना घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात जा. ‘मला माझ्यासाठी मग घ्यायचा आहे आणि तुमच्यासाठीही घ्यायचा आहे, तुम्ही हातात धरून बघितल्याशिवाय मला कळणार नाही,’ असे सरळ सांगा. तुमच्या हातांना त्रास होतो म्हणून, हे कारण दुकानदारासमोर बोलू नका. जाड सिरॅमिकचा मग रिकामाच साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो आणि त्यात अडीचशे मिलिलिटर चहा ओतला की सहाशेच्या वर जातो, म्हणून बाबांसाठी पातळ भिंतीचा, हलका, पण तीन-चार बोटे सहज शिरतील अशा कानाचा मग निवडा. त्याचे तोंड रुंद असू द्या. बशीत चहा पसरून लवकर निवतो, ती सोय त्यांनी गमावली आहे आणि उभट, जाड मगात चहा बराच वेळ कढत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयांची नोंद अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केली, हे पाहता बशीची जुनी सवय शहाणपणाचीच होती. सोनेरी काठाचा मग मात्र, कितीही देखणा असला तरी, मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही. चहा पुन्हा गरम करण्याची सवय असेल तर तो टाळा.

तुमचा मग तुम्ही निवडा आणि तो बाबांच्या मगासारखा मुळीच असू नये, रंगाने आणि आकाराने वेगळा असावा, म्हणजे पहाटेच्या अर्धवट उजेडातही गल्लत होणार नाही. ओट्यावर दोन हुक ठोकून घ्या. त्या रात्री सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, एकदा सांगा, की हा माझा मग आहे आणि सकाळची पंधरा मिनिटे मला गॅलरीत एकटीने बसायला हवी आहेत. तुम्ही हे आजवर कोणाला स्पष्ट सांगितलेलेच नाही, असे पत्रावरून दिसते.

राहिले यजमानांचे काम. ज्या बोटांना कपाचा कान धरवत नाही, ती साडेपाचला सांडशीने चहाचे पातेले कसे उचलत असतील, याचा विचार त्यांनी करायला हवा. सकाळी वडिलांबरोबर त्यांनी उठावे, चहा त्यांनी करावा, नव्या मगात अर्धाच ओतावा म्हणजे तो हलका राहील आणि लवकर निवेल, उरलेला झाकून ठेवावा आणि बाबांचा पहिला अर्धा संपेपर्यंत तिथेच बसून राहावे, कारण दुसरा अर्धा ओतून द्यायचा आहे. तुम्ही सहाला उठून आपला चहा घेऊन गॅलरीत जाल, तेव्हा दार ओढून घ्या.